ठेच कुठे लागली, तेही सांगा

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीत एक अट दडलेली आहे. मागचा शहाणा होतो, कारण पुढच्याला ठेच लागताना त्यानं पाहिलेलं असतं. दगड कुठे होता, केवढा होता, पुढचा तेव्हा कुठे बघत चालला होता, हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडतं. शंभर पावलं मागून येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त 'जपून चाल रे बाबा'. मग त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: सगळा रस्ता भीत भीत चालायचं, नाहीतर सल्ला ऐकून सोडून द्यायचा.

शहाणपण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. निष्कर्ष पुढे जातो आणि दगड मागे राहतो. म्हणून सल्ला देणाऱ्याचं काम म्हणजे दगडाची माहिती सोबत देणं, आणि घेणाऱ्याचं काम म्हणजे ती मागून घेणं. दोन्ही कामं शिकता येतात, आणि दोन्हींना ठरावीक रीत आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत हुशारच्या उलट मठ्ठ, पण शहाण्याच्या उलट वेडा. हा फरक नेमका आहे. डोकं किती वेगानं चालतं याला हुशारी म्हणतात. ते ताळ्यावर आहे का, याला शहाणपण. रामदासांचा 'पढतमूर्ख' भरपूर वाचलेला आणि बोलण्यात तरबेज असतो, तरी मूर्खच. आणि याच भाषेत 'मोठा शहाणाच आहेस!' हे बोल लावणं होतं. दीडशहाणा, अतिशहाणा, 'मला शहाणपण शिकवू नकोस'. न मागता आणि परिस्थिती न विचारता दिलेला सल्ला ऐकणाऱ्याला कमी लेखतो, हे भाषेनं फार पूर्वीच टिपून ठेवलं आहे.

ॲरिस्टॉटलनं ज्ञानाचे प्रकार पाडताना व्यवहारातला विवेक वेगळा काढला. त्याचा शब्द 'फ्रोनेसिस'. तरुण मुलगा भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारात विवेकी झालेला दिसत नाही, असं तो म्हणतो. कारण भूमितीला नियम पुरतात, विवेकाला मात्र एकेका प्रसंगाची ओळख लागते आणि ती व्हायला वर्षं जातात. यावरून आपण पटकन 'केस पांढरे म्हणजे शहाणपण आलंच' इथवर उडी मारतो. वेळ लागतो हे खरं. तेवढ्यानं भागतं असं मात्र नाही.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजायचा प्रयत्न केला. माणसाला एक कल्पित पेच सांगायचा आणि त्याला मोठ्यानं विचार करायला लावायचं. त्यांचा एक प्रसंग असा: पंधरा वर्षांच्या मुलीला लगेच लग्न करायचं आहे, तिनं काय लक्षात घ्यावं? उत्तरं लिहून काढायची आणि प्रशिक्षित परीक्षकांनी त्यांना पाच कसोट्यांवर ७ पायऱ्यांच्या मापानं गुण द्यायचे. माणसाच्या जगण्याबद्दलची माहिती किती आहे. निर्णय कसा घ्यायचा, सल्ला कसा द्यायचा हे येतं का. वय, काळ आणि परिस्थिती लक्षात घेतली का. वेगवेगळ्या लोकांची मूल्यं वेगळी असतात याचं भान आहे का. आणि आपल्याला सगळं कळू शकत नाही हे धरून चाललंय का. 'छे, हे चूकच आहे, तिला तसं सांगून टाका' एवढ्या उत्तराला गुण कमी पडतात. मत बरोबर की चूक हा मुद्दा नाही. ती मुलगी एकटी पडली आहे का, आजारी आहे का, कुठल्या समाजात आणि कुठल्या काळात राहते, हे विचारण्याआधीच उत्तर आलं, ही उणीव. या चाचण्यांमध्ये विशीपासून पंचाहत्तरीपर्यंत वयाबरोबर गुण वाढत गेले असं दिसलं नाही.

मला या पाच कसोट्यांचं मोल वाटतं, कारण आपण देणार असलेला कुठलाही सल्ला त्यांवर अर्ध्या मिनिटात घासून बघता येतो. बहुतेक सल्ले शेवटच्या दोन कसोट्यांवर घसरतात.

मग कुणाच्या अनुभवावर विसंबायचं? डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे दोघे मानसशास्त्रज्ञ या बाबतीत विरुद्ध टोकांचे. एकानं अंतःप्रेरणा कशी फसवते याचा अभ्यास केला, दुसऱ्यानं आगीशी झुंजणाऱ्या जवानांची अंतःप्रेरणा कशी अचूक ठरते याचा. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. ज्या क्षेत्रात अनुभव मिळवला त्यात काही नियमितपणा हवा, म्हणजे सारख्या खुणांमागून सारखे परिणाम यायला हवेत. आणि आपलं चुकलं की बरोबर आलं, याची खबर वेळेवर आणि स्पष्ट मिळायला हवी. बुद्धिबळपटू, अग्निशमन दलाचे जवान, अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिका या अटींत बसतात. एकेका शेअरचा भाव किंवा दहा वर्षांनंतरचं राजकारण सांगणारे बसत नाहीत, मग त्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा का असेना.

दुसरी अट जिथे मोडते तिथे अनुभवी माणसाला स्वतःलाही ते कळत नाही. नोकरीसाठी माणसं निवडणाऱ्याचं उदाहरण घ्या. त्यानं निवडलेल्यांचं पुढे काय झालं ते त्याला दिसतं. नाकारलेल्यांचं काय झालं ते कधीच दिसत नाही. वीस वर्षांनंतर तो 'मला माणूस बघताक्षणी कळतो' असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबाच्या वहीची अर्धी पानं कोरी आहेत, एवढंच. यशस्वी माणसांचे सल्ले ऐकतानाही हाच धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्या कुठे लागल्या आहेत हे पाहून तिथेच पत्रा जाड करावा, असा विचार सहज सुचणारा होता. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी हिशेब मांडताना न परतलेली विमानंही धरली. जिथे लागूनही विमान परत येतं, ती जागा त्या मानानं सुरक्षित असते. जे यशस्वी झाले नाहीत त्यांनीही पहाटे उठून तेच केलं असेल, तर पहाटे उठण्याला श्रेय देता येत नाही.

आता एक गंभीर दाखला, कारण चांगल्या हेतूचं शहाणपण केवढं महाग पडू शकतं ते त्यात दिसतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक देशांत तज्ज्ञ आईवडिलांना सांगत होते की तान्ह्या बाळाला पोटावर झोपवा. कारणही पटणारं होतं: उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल. प्रत्यक्षात पोटावर झोपवण्यानं झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढत होता. अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

घराघरांतल्या अनुभवी बायांना हे का दिसलं नाही? त्यांचं लक्ष नव्हतं म्हणून नाही, तर गणित आडवं येतं म्हणून. समजा एखादा धोका हजारात २ इतका आहे. आयुष्यात २० बाळं सांभाळलेल्या बाईला एकही दुर्घटना न दिसण्याची शक्यता ९६ टक्के. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव अनुभवी बाया अगदी प्रामाणिकपणे सांगणार, 'आम्ही एवढी मुलं वाढवली, कुणाला काही झालं नाही.' अनुभव खरा आहे, पण एवढ्या लहान धोक्याचं माप घ्यायला तो अपुरा आहे.

इथे संख्याशास्त्रातला 'तीनचा नियम' कामाला येतो. एखादी गोष्ट इतक्या वेळा केली आणि एकदाही काही बिघडलं नाही, असं कुणी सांगितलं की ३ ला त्या संख्येनं भागा. येणारं उत्तर म्हणजे तरीही शिल्लक राहू शकणाऱ्या धोक्याची वरची मर्यादा, साधारण ९५ टक्के खात्रीनं. '२० वेळा केलं, काही झालं नाही' यातून एवढंच सिद्ध होतं की धोका १५ टक्क्यांहून कमी असावा. ३०० वेळा निर्वेध पार पडलं तर १ टक्क्याहून कमी. बिघडलं तर फार तर अर्धा तास वाया जाणार असेल, तर १५ टक्के चालतील. जीव, डोळा किंवा आयुष्याची पुंजी पणाला लागली असेल, तर एका माणसाचा अनुभव कधीच पुरत नाही. तिथे हजारोंच्या नोंदी लागतात.

सल्ला देताना काय करावं ते सांगते. बोलण्याआधी एक प्रश्न विचारायचा: 'तुला उपाय हवाय की नुसतं ऐकून घ्यायला कुणी हवंय?' हा प्रश्न गाळल्यामुळे निम्म्याहून अधिक सल्ले वाया जातात, असं माझं मत आहे. उपाय हवा असेल, तर आधी त्यानं आतापर्यंत काय करून पाहिलं ते विचारायचं. नाहीतर जे फसलं तेच आपण पुन्हा सुचवतो आणि त्यानंतर तो ऐकायचं थांबवतो. मग सल्ला द्यायचा, पण या क्रमानं: काय घडलं होतं, तेव्हा परिस्थिती काय होती, मी काय केलं, त्याचा परिणाम कशामुळे झाला असं मला वाटतं, आणि कुठली गोष्ट वेगळी असती तर हे लागू पडलं नसतं. हा शेवटचा भाग सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि दगड नेमका त्यातच असतो.

'कर्ज काढू नकोस' हा उपदेश झाला. 'माझं उत्पन्न दर महिन्याला वेगळं यायचं आणि हप्ता ठरलेला होता. सलग तीन महिने काम नव्हतं तेव्हा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागलं. तुझा पगार ठरलेला असेल आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले असतील, तर माझं उदाहरण तुला लागू नाही.' हा सल्ला झाला. लांब आहे खरा. पण त्यातून ऐकणारा स्वतःचं गणित मांडू शकतो, आणि पाच वर्षांनी त्याची परिस्थिती बदलली तर नव्यानंही मांडू शकतो.

एका बैठकीत एकच सल्ला द्यावा. पाच दिले की माणूस त्यातला सगळ्यात सोपा उचलतो, आणि सगळ्यात सोपा क्वचितच सगळ्यात गरजेचा असतो. आपली खात्री किती आहे तेही शब्दांत सांगावं: 'हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय', 'एकदाच पाहिलंय', 'नुसतं ऐकलंय'. या तिन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या की ऐकणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळायला मार्गच उरत नाही.

बरोबर असणंही पुरत नाही, हे डॉक्टर इग्नात्स झेमेलवाइस यांच्या बाबतीत फार कठोरपणे दिसलं. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते साधारण २ टक्क्यांवर आलं. आकडे डोळ्यांसमोर होते. पण सविस्तर ग्रंथ यायला १८६१ साल उजाडलं, आणि त्यानंतर त्यांनी विरोधकांना लिहिलेल्या उघड पत्रांत थेट खुनाचा आरोप केला. ऐकणाऱ्याला मान्य करायचं असेल तर आधी 'मी खुनी आहे' हे मान्य करावं लागणार होतं. जंतूंचा सिद्धांत अजून रुजलेला नव्हता, वैद्यकातला अहंकारही होता. सगळा दोष त्यांच्या पत्रांचा नाही. तरी माणसाला मत बदलायला इज्जतीची वाट मोकळी ठेवावी लागते. 'तेव्हाच्या माहितीत तुम्ही केलं ते बरोबर होतं, आता नवी माहिती आली आहे' या एका वाक्यानं ती मोकळी होते.

आता दुसरी बाजू: शहाणपणाला प्रश्न विचारणं.

ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातल्या कौलानं सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कुणी नाही असं सांगितलं, तेव्हा तो ते खोडून काढायला निघाला, असं प्लेटोनं त्याच्या तोंडी घातलं आहे. राजकारणी आणि कवी यांच्याकडून त्याची निराशा झाली, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्यातला कारागिरांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यांना खरोखरच काही येत होतं, आणि सॉक्रेटिसनं ते मान्य केलं. पण आपल्याला हे येतं म्हणून बाकीच्या मोठ्या गोष्टीही कळतात, असा त्यांचा समज झाला होता. म्हणून पहिली तपासणी ही: हा माणूस ज्या विषयावर बोलतोय त्यात त्याला खरंच येतं, की शेजारच्या विषयातली पत इथे वापरली जातेय? नामवंत शल्यविशारदाचं गुंतवणुकीबद्दलचं मत हे गुंतवणुकीतल्या नवख्या माणसाचं मत असतं.

दुसरा दाखला केसपुत्त या गावच्या कालाम नावाच्या लोकांचा. एकामागून एक येणारे गुरू आपलंच खरं सांगतात, मग कुणाचं मानायचं, असं त्यांनी बुद्धाला विचारलं. बुद्धाच्या त्या उपदेशाचा, म्हणजे सुत्ताचा, 'स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना' असा सारांश सर्रास सांगितला जातो. मूळ उत्तर याहून कडक आहे. ज्यावर एकट्यावर विसंबू नये अशा दहा गोष्टी तिथे येतात. त्यात परंपरा, ऐकीव गोष्टी, ग्रंथ आणि 'हे आमचे गुरू' ही भावना आहे, पण निव्वळ तर्क आणि आपल्या मताशी जुळतं म्हणून पटणं हेही आहे. कसोटी परिणामांची: त्यातून हित होतं की अहित. आणि सूज्ञ माणसं त्याला नावं ठेवतात का, हाही भाग तिथे आहे. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या म्हणीचा पहिला अर्धा भाग आपण असाच गाळतो.

प्रत्यक्ष विचारताना 'का?' हा शब्द टाळावा. 'का' म्हटलं की समोरचा बचाव करू लागतो, आणि बचाव करताना त्याचं मत आणखी पक्कं होतं. त्याऐवजी 'कसं?' विचारा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये दाखवलं की झिप किंवा फ्लशची टाकी कशी चालते हे आपल्याला कळतं असं लोकांना वाटतं, पण एकेक पायरी समजावून सांगायला लावली की स्वतःच्या समजुतीला ते आपणहून कमी गुण देतात. कुणीही त्यांना चूक म्हणालेलं नसतं.

मोठ्या माणसांशी बोलताना आणखी दोन प्रश्न चांगले चालतात. 'हा सल्ला कुठल्या माणसाला देणार नाही तुम्ही?' आणि 'असं करूनही बिनसलं, असं कधी झालंय का?' दोन्ही प्रश्नांत त्यांच्या अनुभवाचा मान राहतो आणि मर्यादाही बाहेर येते. 'असं कधीच झालं नाही' हे उत्तर आलं, तर तीनचा नियम हाताशी आहेच. फक्त हे चारचौघांत विचारू नका. चारचौघांत माणूस उत्तराआधी पत सांभाळतो.

स्वतःच्या प्रश्नावर मात्र हे सगळं गळून पडतं. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये याला बायबलमधल्या राजा सॉलोमनचं नाव दिलं, कारण दुसऱ्यांचे तंटे सोडवणारा तो राजा स्वतःच्या आयुष्यात चुकत गेला. लोक मित्राच्या पेचाबद्दल जितक्या समतोलानं विचार करतात तितका स्वतःच्या पेचाबद्दल करत नाहीत, असं त्यांना आढळलं. स्वतःचा पेच त्रयस्थाच्या नजरेनं पाहायला लावल्यावर ही तफावत मिटली. त्याची कृती सोपी आहे. कागदावर 'मी' न वापरता स्वतःचं नाव घालून पेच लिहायचा, 'तो' किंवा 'ती' म्हणत, आणि त्याखाली त्या व्यक्तीला सल्ला लिहायचा. बर्लिनच्या गटातल्या उर्सुला श्टाउडिंगर आणि बाल्टेस यांनी १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: जवळच्या माणसाशी चर्चा करून मग थोडा वेळ एकट्यानं विचार केलेल्यांची उत्तरं स्पष्टपणे सरस निघाली. अशा माणसाशी मनातल्या मनात संवाद केला तरी फायदा झाला. म्हणून चर्चा संपता संपताच निर्णय जाहीर करू नये.

सल्ला कामाला आला की नाही हे आठवणीवर सोडू नका. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले, आणि नंतर त्यांना स्वतःचे अंदाज आठवायला सांगितलं. जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना आठवलं. यावर उपाय म्हणजे निर्णयाच्या दिवशीच चार ओळी लिहिणं: कुणाचा कुठला सल्ला घेतला, काय होईल असं वाटतं, किती टक्के खात्री आहे, कुठल्या तारखेला तपासायचं. तारीख नसेल तर तपासणी होतच नाही.

शेवटी असे नियम उरतात ज्यांचं कारण सांगणारं कुणीच उरलेलं नाही. वाटेवर कुंपण आहे, कुणी घातलं ठाऊक नाही. कारण कळल्याशिवाय ते काढू नये, हा जुना सल्ला बरोबर आहे, पण पुढची पायरी तो सांगत नाही. आधी शोध घ्यायचा: हा नियम कधीपासून आहे, त्याआधी काय होत असे, मोडला तेव्हा काय झालं. हे विचारायला तीन माणसं पुरतात: एक जुनं, एक नियम पाळणारं आणि एक त्याचा त्रास होणारं. तरीही कारण सापडलं नाही आणि बिघडलं तर सावरता येण्यासारखं असेल, तर नियम ठरावीक मुदतीसाठी बाजूला ठेवायचा. काय बिघडू शकतं ते आधी लिहायचं आणि त्याच गोष्टींवर लक्ष ठेवायचं. जी गोष्ट वर्षातून एकदा घडते तिच्यासाठी एक महिन्याची मुदत निरुपयोगी, निदान वर्ष उलटू द्यावं लागतं. मुदत संपल्यावर कुंपण परत घालायचं असो वा नसो, या वेळी त्याच्यावर कारण आणि तारीख लिहिलेली पाटी लावायची.